जुना टायर घेताना मिलिमीटर मोजा

नवी गाडी घरी येताच बरेचजण अलॉय चाके आणि रुंद टायर बसवून घेतात. त्यांचे उतरवलेले कंपनीचे टायर म्हणजे जुन्या बाजारातला सगळ्यात चांगला माल. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर किंवा अलॉय बसवणाऱ्या कुठल्याही दुकानात आधी तेच मागा.

भाव नक्षीच्या खोलीवर ठरवायचा, चकाकीवर नाही. कारच्या नव्या टायरची खाच साधारण ८ मिमी असते. कायद्याला १.६ मिमी चालते, पण आपल्या पावसात ३ मिमीच्या आत टायर वापरू नये, साचलेल्या पाण्यावर पकड सुटते. म्हणजे हाती लागतात ५ मिमी. नवा टायर ५,००० रुपयांचा असेल तर मिलिमीटरला १,००० रुपये पडले. ५.५ मिमी उरलेल्या जुन्या टायरचे वापरता येणारे अडीचच मिमी, म्हणजे फार तर २,५०० रुपये. त्यातून फिटिंग, बॅलन्सिंग आणि नव्या व्हॉल्व्हचा खर्च वजा करा. वॉरंटीही नसते, म्हणून दीड हजाराच्या वर जाऊ नका. खाचेची खोली मोजणारा डेप्थ गेज स्वस्तात मिळतो. कडेला, मध्ये, दुसऱ्या कडेला असा तीन ठिकाणी लावा. एकच कड झिजली असेल तर आधीच्या गाडीची अलाइनमेंट, म्हणजे चाकांची सरळ रेषा, बिघडलेली होती. तो टायर पुढेही आवाज करतो.

टायरच्या बाजूच्या भिंतीवर डीओटी ही अक्षरे असतात, त्यांच्यापुढच्या शेवटच्या चार आकड्यांत टायर बनल्याचा आठवडा आणि वर्ष असते: २३२२ म्हणजे २०२२चा तेविसावा आठवडा. पाच वर्षांवरचा टायर नक्षी भरपूर असली तरी सोडून द्या, रबर कडक झालेले असते.

गुळगुळीत टायरला नव्याने खाचा कोरून विकणारे असतात, आणि हा जिवाशी खेळ आहे. टीडब्ल्यूआय या झीज दाखवणाऱ्या खुणेच्या रेषेत खाचेच्या तळाशी छोटा उंचवटा असतो. तो कापलेला दिसला किंवा खाचेच्या कडा धारदार वाटल्या, तर भाव विचारूच नका.

टायर रिमवरून उतरवूनच आतून बघा. बोटाला काळी भुकटी लागली किंवा बाजूच्या भिंतीवर आतून गोल पट्टा उठलेला दिसला, तर तो हवा नसताना चालवलेला आहे. आतले धागे तुटलेले असतात, बाहेरून पत्ता लागत नाही. बाजूच्या भिंतीला पंक्चर, चीर किंवा फुगा असेल तर फुकटही नको.

साइज आणि लोड इंडेक्स (टायर किती वजन पेलतो त्याचा आकडा) गाडीच्या दारावरच्या स्टिकरशी जुळवा. एका अ‍ॅक्सलला, म्हणजे पुढच्या किंवा मागच्या दोन चाकांना, एकाच नक्षीची जोडी लावा, जास्त खोल जोडी मागे. ओल्यात मागची चाके सुटली की गाडी गरकन फिरते.

विकताना सुटा टायर पडून राहतो, जोडी किंवा चारचा सेट लवकर जातो. गेज लावलेला फोटो, तारखेचा आकडा, साइज आणि बिल दाखवा. काळे पॉलिश मारू नका, जाणकार त्यामुळेच संशय घेतो. ३ मिमीच्या खाली गेलेला टायर कोणाच्या गाडीला विकू नका, तो भंगारातच द्या.