मोबाइलनंच माणूस एकटा पडतो का?

जळगावात मानसशास्त्र शिकवते म्हटल्यावर लग्नकार्यात, एसटी स्टँडवर, कुठंही आईबाप हमखास विचारतात, “मॅडम, पोरगा दिवसभर मोबाइलमध्ये डोकं खुपसून बसतो. त्याच्यामुळेच असा एकलकोंडा झाला ना?” तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. ‘त्याच्यामुळेच’ एवढं ठाम मी म्हणणार नाही. त्याला आधीच कोणी बोलवेनासं झालं होतं का, ते अगोदर बघा.

हा प्रश्न स्मार्टफोनच्याही आधीचा आहे. 1998 साली अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट क्राउट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या पिट्सबर्ग शहरातल्या, घरात नुकतंच इंटरनेट आलेल्या कुटुंबांचा अभ्यास छापला. ज्यांचा वापर जास्त, त्यांचं घरातलं बोलणं थोडं घटलं होतं आणि एकटेपणा थोडा वाढला होता. मोठी खळबळ उडाली. पुढे त्याच लोकांना पुन्हा गाठलं, तेव्हा ते वाईट परिणाम बहुतेक ओसरले होते. 2002 साली हे छापून आलं. त्यात आणखी एका गटाचाही अभ्यास होता, आणि मला तोच महत्त्वाचा वाटतो. माणसांत रमणाऱ्यांना इंटरनेटनं फायदा झाला. बुजऱ्यांचं, ज्यांना आधार कमी त्यांचं, आणखी बिघडलं. ज्याच्याकडे माणसं आहेत त्याला हे साधन आणखी माणसं देतं. ज्याच्याकडे नाहीत, तो नुसता बघत राहतो.

हे बघत राहणं काय असतं, ते आमच्या शेजारच्या मावशींकडे मी रोज पाहते. मुलगा-सून सुरतेला, उधन्यात. सकाळी पूजा झाली की मावशी देवाचा फोटो स्टेटसला लावतात. मग भाजी निवडता निवडता हात पुसून, चष्मा चढवून, कोणी कोणी पाहिलं ती यादी वरखाली करतात. “सूनबाईनं पाह्यलं. भाच्यानं पाह्यलं. धाकल्यानं अजून नाही.” चोवीस तासांत स्टेटस जातं, यादीही जाते, दुसऱ्या दिवशी नवा देव. यादी लांबलचक असते आणि फोन एकाचाही नसतो. याच मावशींना नातवाचा व्हिडिओ कॉल आला, “आजी, जेवन व्हयनं का?” असं त्यानं विचारलं, की मिरच्या ठेचता ठेचता अर्धा तास अहिराणीत गप्पा रंगतात आणि त्या दिवशी यादी उघडली जात नाही. फोन तोच. म्हणून किती तास, हा हिशेब मला अपुरा वाटतो.

तरी तासांचंही काहीच नाही असं नाही. 2018 साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात 143 विद्यार्थ्यांवर प्रयोग झाला. एका गटाला फेसबुक, इन्स्टाग्राम आणि स्नॅपचॅट, प्रत्येकी दिवसाला 10 मिनिटं. तीन आठवड्यांत त्या गटाचा एकटेपणा आणि उदासी, नेहमीसारखं वापरत राहिलेल्या दुसऱ्या गटापेक्षा कमी झाली. बंद कोणाचंच केलं नव्हतं, हे ध्यानात घ्या.

आता पोरांचं. थंडी पडली की आपल्याकडे शेतात भरीत पार्ट्या सुरू होतात. बामणोदची वांगी, कपाशीच्या काड्यांचा जाळ, लाकडी बडगीत ठेचलेलं भरीत, कळण्याच्या पुऱ्या. आणि पंगत उठायच्या आत फोटो ग्रुपवर. माझा एक विद्यार्थी म्हणाला, “मॅडम, पार्टी आहे हे मला फोटो पाहूनच कळलं.” शेत त्याच्या घरापासून चालत जाण्याइतकं जवळ. बोलावणं राहून जाणं पूर्वीही होतं, पण तेव्हा ते दुसऱ्या दिवशी कानावर यायचं, किंवा यायचंही नाही. आता पोरगा खोलीत बसून ते घडत असतानाच पाहतो. तिथून पुढचं मानसशास्त्रज्ञ जॉन कॅचिओपो यांनी फार नीट मांडलंय. शिकागोत त्यांनी वर्षानुवर्षं एकटेपणावरच काम केलं. एकटं वाटणाऱ्या माणसाचं मन सारखं नकाराच्या पाळतीवर राहतं. निळ्या टिका आल्या, उत्तर नाही, म्हणजे मुद्दाम टाळलं. मग तो स्वतःहून कोणाला विचारत नाही, लोकांना वाटतं याला यायचंच नसतं, आणि पुढच्या पार्टीलाही नाव राहून जातं. संध्याकाळी मग रील्सच उरतात. तुम्हाला दिसतात त्या रील्स. आधीचं सगळं दिसत नाही.

म्हणून फोन हिसकावून घेऊ नका. एखाद्या पोराचा एकमेव मित्र त्या फोनमध्येच असू शकतो. कोणाशी बोलतो, काय बोलतो, ते आवाज न चढवता विचारा. आणि घरात, भाऊबंदांत त्याच्या वाट्याला काम द्या, ज्यासाठी त्याला हाक मारावीच लागेल. श्रावणात आपल्या खानदेशात कानबाई देवीच्या रोटांना सगळे भाऊबंद एकत्र येतात. तिथं त्याला पाहुण्यासारखं कोपऱ्यात बसवू नका. दळण आणण्यापासून मिरवणुकीपर्यंत काहीतरी त्याच्या जिवावर सोडा. तिथं फोटो काढत बसला तर काढू द्या.

जेवणझोप तुटली असेल, जगण्यात राम नाही असं बोलत असेल, तर मात्र मोबाइलचा वाद बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टर गाठा. मनाच्या आजारांसाठी सरकारची टेली-मानस ही फोनवरची मोफत सेवा आहे, नंबर 14416. रात्री-अपरात्री लागतो, मराठीत बोलता येतं. पोराच्या आधी तुम्ही स्वतः फोन करून विचारलंत तरी चालतं.