कडेचं माप

सांगलीवाडीच्या काकू रिक्षातून गुंडाळी घेऊन उतरल्या, तेव्हाच मी ओळखलं, आपलंच काम परत आलंय. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या आईच्या वाकळेचा, म्हणजे तिनं जुन्या लुगड्याची हातानं शिवलेल्या गोधडीचा, धड राहिलेला मधला भाग घेऊन, भोवती नवी पट्टी जोडून मी वॉल हँगिंग करून दिलं होतं.

"तुझं काम वाईट न्हाई गं," काकू म्हणाल्या, "पण झोळ पडलाय बघ. भिंतीवर आई अशी ढिली बघवत न्हाई."

खिळ्यांना टांगून मी लांब जाऊन उभी राहिले. वरच्या पाच नाड्यांच्या मधे मधे कापड खाली उतरलेलं, आणि चारी बाजूंची पट्टी झालरीसारखी लाटा मारत होती. हे माझ्या हातून गेलं कसं, याची मला लाज वाटली.

टेप घेऊन बसले. मधोमध माप 46 इंच, कडेला साडेसत्तेचाळीस. दीड इंचाचा फरक, आणि सगळं दुखणं तिथंच. वाकळ वर्षानुवर्षं अंगावर ओढली जाते, तिच्या कडा ताणून लांबतात. म्हणून पट्टीचं माप मधोमध घ्यायचं, कापड त्या मापात बसवायचं, आणि उरलेली कड टाचण्यांनी थोडी थोडी मुरवत जोडायची. माझ्याकडे कटिंग करणारी मुलगी हुशार आहे, पण तिनं टेप कडेला लावला. तपासायचं काम माझं होतं. प्रदर्शनाची घाई होती, मी तपासलं नाही.

त्यात भर म्हणजे मधल्या वाकळेत आईचे टाके बोटाबोटाच्या अंतरावर, आणि माझ्या पट्टीवर मशीनच्या ओळी चार-चार इंचांवर. दाट टाका कापड आत ओढून घेतो, विरळ टाका मोकळं सोडतो. अंथरूण म्हणून हे चालून गेलं असतं, जमीन सांभाळून घेते. भिंतीवर वजन खाली ओढतं आणि सगळी चूक उघडी पडते. स्टॉलवर लोक साइज विचारतात, फिनिशिंग बघतात, घासाघीस करतात. टाक्यांतलं अंतर विचारणारं गिऱ्हाईक मला इतक्या वर्षांत क्वचितच भेटलंय.

पट्टी काढायला घेतली आणि खरी अडचण समोर आली. 2019 च्या ऑगस्टमधल्या पुरात सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णा 57 फुटांच्या वर गेली, तेव्हा ही वाकळ ट्रंकेत होती. पाणी किती उंच चढलं होतं त्याची तपकिरी रेघ अजून तिच्यावर आहे. गाळात भिजलेलं ते सुती लुगडं आधीच दमलेलं, आणि मी जोडकाम केलं होतं पॉलिस्टरच्या दोऱ्यानं. चिवट दोरा आणि विरलेलं कापड एकत्र आलं की ताण पडल्यावर दोरा टिकतो, कापड चिरतं. शिवणीच्या बाजूनं दोन वीत लांब चीर गेली होती, नेमकी आईच्या शेवटच्या ओळीखालून. आतून अस्तर लावायचं तर ती ओळ उसवणं भाग होतं.

काकूंना फोन केला, तर लागला नाही. तासभर थांबले. मग उसवली.

एकेक टाका सुईनं उचलला. दोरा निघाला आणि खाली बारीक डाळिंबी रेघा दिसल्या. बाकीचं लुगडं फिकट विटकरी झालेलं, पण दोऱ्याखाली मूळ रंग तसाच राहिला होता. तांदळाएवढा टाका, तेवढीच जागा सोडलेली, पुन्हा टाका. कोपऱ्याजवळ मात्र टाके लांबलेले. दिवस मावळला असेल, नाहीतर कुणी हाक मारली असेल.

आतून मऊ मलमलीचं अस्तर घातलं. सुती दोऱ्याला मेण लावलं आणि तिच्याच रेघांवरून, तिच्याच भोकांतून टाके घातले, कोपऱ्यातले लांबसुद्धा. मग मधल्या मापानं पट्टी पुन्हा जोडली, मशीनच्या ओळी काढून हातानं बोटाबोटावर टाके घातले. याला नऊ दिवस लागले. नाड्या काढून मागं सलग नेफा शिवला, म्हणजे काठी सगळीकडून सारखं वजन घेईल. शेवटी पाणी शिंपडून, फळीवर टाचण्या मारून सावलीत वाळवलं. मधोमध 46, कडेला 46.

काकू न्यायला आल्या तेव्हा मी आधी उसवलेल्या ओळीचं सांगितलं. काढलेला दोरा काडेपेटीत ठेवला होता, तो हातात दिला. त्यांनी कडेवरून बोट फिरवलं. "ह्यातली तुझी कुठली?" मी दाखवली. त्या बराच वेळ तिथंच बघत राहिल्या. मग "बरं," म्हणाल्या आणि पैसे मोजून दिले.

तेव्हापासून ती ओळ डोक्यातून जात नाही. वेगळ्या रंगाचा दोरा घेतला असता, तर पुढं कुणालाही कळलं असतं की आई इथं संपते. मला वाटत होतं जखम दिसू नये. पण आता तिथं माझा हात तिच्या हातासारखा दिसतो, आणि ते मी त्यांना न विचारता केलं. फोनसाठी एक दिवस थांबले असते तर काय बिघडलं असतं?

पावसाळ्यात सुती कापड ओल धरतं, जड होतं. दसऱ्याच्या आधी सांगलीवाडीला जाऊन पुन्हा टेप लावणार आहे, मधोमध आणि कडेला. तेव्हा काकूंना विचारायचंय, ती ओळ अशीच ठेवू का.