आरोपी क्रमांक दोन : मुद्रक

परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कोर्टात अब्रुनुकसानीची एक जुनी खाजगी फिर्याद मी चालवली, त्याला आता बरीच वर्षे झाली. तिथल्या एका साप्ताहिकाने पतसंस्थेच्या कर्जवाटपाविषयी बातमी छापली होती आणि संस्थेच्या अध्यक्षांनी भारतीय दंड संहितेच्या कलम 500 व 501 खाली फिर्याद दाखल केली होती. आरोपी क्रमांक एक संपादक होते. बातमी खरी आहे आणि लोकहितासाठी छापली आहे, असा त्यांचा बचाव होता आणि त्यांचा वकील वेगळा होता. माझे पक्षकार आरोपी क्रमांक दोन, म्हणजे मुद्रक. वय सत्तरीकडे झुकलेले, बाजारपेठेत लग्नपत्रिका आणि पावतीपुस्तके छापण्याचा छोटा छापखाना. बातमी त्यांनी लिहिलेली नव्हती, आणि समन्स हाती पडेपर्यंत वाचलेलीही नव्हती. तारखेला ते सर्वांच्या आधी येऊन व्हरांड्यात बसत आणि मला पाहिले की एकच प्रश्न विचारत : "वकीलसाहेब, लिहिणाऱ्याचं समजलं, पण माझं नाव काहून?"

या प्रश्नाचे कायदेशीर उत्तर सोपे आहे. वृत्तपत्राच्या शेवटच्या पानाच्या तळाशी, सहसा भिंग घेऊनच वाचावी लागेल अशा बारीक अक्षरांत, मुद्रक, प्रकाशक आणि संपादक यांची नावे व छपाईचे ठिकाण देणारी ओळ असते. 1867 च्या मुद्रणालये व पुस्तके नोंदणी कायद्याने ती सक्तीची होती. मुद्रक आणि प्रकाशक यांना दंडाधिकाऱ्यासमोर सही करून डिक्लेरेशन, म्हणजे घोषणापत्र, द्यावे लागे, तेही त्याच कायद्याप्रमाणे. त्याच कायद्याच्या कलम 7 प्रमाणे, ज्याने डिक्लेरेशन केले तो त्या नावाच्या वृत्तपत्राच्या प्रत्येक अंकातील प्रत्येक मजकुराचा मुद्रक किंवा प्रकाशक आहे, असे कोर्ट धरून चालत असे. विरुद्ध पुरावा आणण्याचा बोजा त्याच्यावर.

परंतु त्यांच्या प्रश्नाचे खरे उत्तर 1867 च्याही मागे जाते. 1799 मध्ये टिपूशी युद्ध चालू असताना आणि फ्रेंचांची धास्ती असताना गव्हर्नर जनरल वेलस्लीने कलकत्त्याच्या वृत्तपत्रांसाठी जे नियम काढले, त्यांत प्रत्येक अंकाच्या तळाशी मुद्रकाचे नाव छापावे, संपादक आणि मालक यांनी आपली नावे व पत्ते सरकारला कळवावेत आणि अंक प्रसिद्ध होण्यापूर्वी तो सरकारी सचिवाने तपासावा, असे म्हटले होते. नियम मोडणाऱ्या गोऱ्या माणसाला जहाजात बसवून युरोपला परत पाठवीत. तपासणी 1818 मध्ये हेस्टिंग्जने उठवली. 1823 मध्ये परवान्याची सक्ती आली आणि तिच्या निषेधार्थ राममोहन रॉय यांनी आपले फारसी साप्ताहिक 'मिरात-उल-अखबार' बंद केले. 1835 मध्ये मेटकाफने परवाना काढून टाकला, 1857 च्या धामधुमीत तो वर्षभरासाठी परत आला. परवाना आला आणि गेला, सेन्सॉर आला आणि गेला. तळाची ओळ मात्र टिकून राहिली. माझे स्वतःचे मत असे आहे की, सरकारला लिहिणारा शोधणे नेहमीच अवघड वाटले आणि छापणारा सापडणे नेहमीच सोपे वाटले, कारण लेखणी खिशात मावते आणि छापखाना जागचा हलत नाही.

1897 मध्ये 'केसरी'तील लेखनावरून लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा पहिला खटला झाला, तेव्हाही आरोपी दोनच होते : टिळक आणि छापखान्याच्या बाजूने केशव महादेव बाळ. ज्युरीने सहाविरुद्ध तीन मतांनी टिळकांना दोषी ठरवले आणि न्यायमूर्ती स्ट्रॅची यांनी त्यांना अठरा महिन्यांची सक्तमजुरी दिली. बाळ यांची निर्दोष सुटका झाली. कायद्याच्या पुस्तकात हा खटला टिळकांच्या नावाने शिकवला जातो आणि ते योग्यच आहे. पण मुद्रकाचे वकीलपत्र घेतलेल्या माणसाला बाळ यांची आठवण जास्त होते. 1910 च्या प्रेस ॲक्टने तर छापखान्याच्या मालकाकडूनच 500 ते 2000 रुपये अनामत मागण्याची सोय केली. मजकूर सरकारला खटकला की अनामत जप्त, पुढची अनामत 1000 ते 10,000, आणि तिसऱ्या वेळी छापखानाही जप्त होऊ शके. अशा परिस्थितीत संपादक कितीही निर्भय असला तरी त्याचा अंक छापायला तयार होणारा माणूस आधी आपल्या यंत्राची किंमत मनात मोजणार, हे उघड आहे. हा कायदा 1922 मध्ये रद्द झाला, पण अनामतीची पद्धत 1931 च्या कायद्याने पुन्हा आणली.

आमच्या मराठवाड्यात हे इंग्रजी कायदे लागू नव्हते, कारण आम्ही निजामाच्या राज्यात होतो. म्हणजे परिस्थिती अधिकच बिकट होती. जाहीर सभेलासुद्धा 1929 च्या गश्ती निशाण 53 या निजामी परिपत्रकाप्रमाणे पूर्वपरवानगी लागे. आ. कृ. वाघमारे यांनी 1938 मध्ये सुरू केलेल्या 'मराठवाडा' साप्ताहिकावर निजाम सरकारने बंदी घातली, तेव्हा ते नाव बदलून निघाले, त्या नावावर बंदी आली की आणखी एका नावाने निघाले. उर्दू 'इमरोज'चे संपादक शोएबुल्ला खान यांचा ऑगस्ट 1948 मध्ये हैदराबादच्या रस्त्यावर खून झाला, त्याला तर कुठल्या कायद्याचा आधारही लागला नाही.

माझ्या खटल्यातला प्रश्न याहून पुष्कळ साधा होता. संबंधित साप्ताहिक पूर्वी खरोखरच माझ्या पक्षकारांच्या ट्रेडलवर, म्हणजे खिळे जुळवून छापायच्या छोट्या यंत्रावर, छापले जात असे. पुढे संपादकांना रंगीत अंक हवासा वाटला आणि छपाई नांदेडच्या एका ऑफसेट छापखान्यात गेली. छपाईचे ठिकाण बदलले की नवे डिक्लेरेशन करावे लागे. ते कोणी केले नाही. पान लावणाऱ्या मुलाने तळाची ओळ मागच्या अंकातून जशीच्या तशी उचलायची, असे दर आठवड्याला चालू राहिले. मानार्थ अंक येणे बंद झाल्यामुळे माझ्या पक्षकारांना आपले नाव तिथे अजून छापले जाते, हे ठाऊकच नव्हते.

पण हे सिद्ध कसे करायचे? नांदेडची बिले संपादकांकडे होती आणि ती हजर करणे म्हणजे डिक्लेरेशनचा नियम मोडल्याची कबुली देणे, म्हणून त्यांचे वकील ती द्यायला तयार नव्हते. म्हणून मी माझ्या पक्षकारांनाच बचावाचे साक्षीदार म्हणून पिंजऱ्यात उभे केले. त्यांच्या हाती निशाणी पडलेला अंक दिला आणि हा अंक तुम्ही छापला का, एवढेच विचारले. त्यांनी अंक पूर्ण उलगडला, डोळ्यांपासून लांब धरला आणि म्हणाले, "साहेब, माझ्या मशीनची चेस फुल्सकॅपची. एवढा कागद तिच्या तोंडात जाणारच नाही." चेस म्हणजे खिळे आवळून बसवायची लोखंडी चौकट. मग त्यांनी पानाच्या कडेला असलेली बारीक भोके दाखवली, वेब ऑफसेटवर, म्हणजे रिळाच्या कागदावर छापणाऱ्या यंत्रावर, कागद पुढे ओढून घडी घालताना पिना रुततात, त्यांची ती भोके. पहिल्या पानावरचा उद्घाटनाचा रंगीत फोटो चार प्लेटांशिवाय होत नाही, हेही त्यांनी सांगितले. शेवटी पिशवीतून आपल्याकडची एक लग्नपत्रिका काढून त्यांनी दंडाधिकारी बाईंपुढे ठेवली आणि तिच्या मागच्या बाजूवरून बोट फिरवून पाहण्याची विनंती केली. खिळ्यांच्या, म्हणजे धातूच्या अक्षरांच्या, दाबाने कागदावर उठलेली अक्षरे बोटाला लागत होती. बाईंनी तेच बोट वर्तमानपत्राच्या पानावरून फिरवले. पान गुळगुळीत होते. फिर्यादीच्या वकिलांनी कागदाच्या स्पर्शाला पुरावा म्हणता येत नाही अशी हरकत घेतली, ती नोंदवून घेऊन बाईंनी साक्षीत दोन्ही निरीक्षणे उतरवून घेतली.

जेवणाच्या सुट्टीत व्हरांड्यात ते मोकळे झाले होते. आणीबाणीत ते वडिलांच्या हाताखाली नुकतेच जुळारी, म्हणजे खिळे जुळवणारे, म्हणून बसू लागले होते. त्या काळी अंक छापण्यापूर्वी प्रूफ सरकारी अधिकाऱ्याला दाखवावे लागे आणि ते लाल रेघा मारून परत येई. सुरुवातीला काही वृत्तपत्रांनी निषेध म्हणून अग्रलेखाची जागा कोरी सोडली, तेव्हा कोरी जागासुद्धा सोडू नये असे फर्मान निघाले. ओळी काढल्या तर भोक पडते, आणि भोक दिसता कामा नये. तेव्हा लग्नपत्रिकांच्या साठ्यातला कलशाचा ब्लॉक तिथे बसवून त्यांनी फर्मा, म्हणजे छपाईसाठी जुळवलेले पान, बांधल्याचे ते हसत सांगत होते. त्याच काळात मुंबई उच्च न्यायालयाने 1976 मध्ये मिनू मसानी यांच्या 'फ्रीडम फर्स्ट' या मासिकाच्या प्रकरणात, सरकारशी मतभेद दडपणे हे सेन्सॉरचे काम नव्हे, असा निर्णय दिला, हे मी त्यांना सांगितले. "आमच्यापतूर आला नव्हता तो निकाल," असे ते म्हणाले. तो निर्णय छापायलाही तेव्हा मुभा नव्हती, हे लक्षात घेता त्यांचे म्हणणे अगदी बरोबर होते.

युक्तिवादाला फार वेळ लागला नाही. कलम 7 चे गृहीतक खोडून काढता येते आणि ते प्रत्यक्ष अंकानेच खोडले आहे, हा माझा एक मुद्दा. आणि मजकूर बदनामीकारक आहे हे माहीत असल्याशिवाय, किंवा तसे मानायला सबळ कारण असल्याशिवाय, कलम 501 लागत नाही, हा दुसरा. निकालात माझे पक्षकार निर्दोष सुटले. संपादकांना दंड झाला आणि त्यांनी अपील केले.

1867 चा तो कायदा आता उरलेला नाही. त्याच्या जागी 2023 चा नियतकालिके नोंदणी कायदा 1 मार्च 2024 पासून आला असून जिल्हा दंडाधिकाऱ्यासमोरचे डिक्लेरेशन जाऊन सारी नोंदणी ऑनलाइन झाली आहे, तुरुंगवासाच्या बहुतेक तरतुदींची जागा दंडाने घेतली आहे आणि पुस्तके त्या कायद्यातून पूर्णपणे वगळली गेली आहेत. त्या वेळी मात्र जुनाच कायदा लागू होता. म्हणून निकालाची प्रत मिळताच, आपण या साप्ताहिकाचे मुद्रक राहिलेलो नाही, असे निवेदन माझ्या पक्षकारांनी उपविभागीय दंडाधिकाऱ्यांकडे रीतसर दिले आणि साप्ताहिकाला मी नोटीस पाठवली. थोड्याच दिवसांत तळाच्या ओळीत नांदेडच्या छापखान्याचे नाव आले. त्याच आठवड्यात त्या छापखान्याच्या मालकांचा मला फोन आला. अंक आम्हीच छापतो, पण आमचे नाव न टाकता काम भागणार नाही का, असे ते विचारत होते. भागणार नाही, असे मी सांगितले आणि डिक्लेरेशन करून घ्यायला बजावले.