‘वार्याचा वेग’ मी का चालवून घेते

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. प्रश्न बहुतेक वेळा असाच असतो : "दिवसभर दुसऱ्यांची पुस्तकं तपासता, एक वेलांटी सुटू देत नाही. मग हवामानाच्या ऑनलाइन गप्पांत ‘आद्रता’, ‘पाउस’, ‘वार्याचा वेग’ असलं काहीबाही येतं, तेव्हा गप्प कशा बसता?"

गप्प बसते, हे खरं आहे. पण सगळ्याच चुकांसमोर बसत नाही. ‘आद्रता ९४ टक्के’ वाचताना माझं काहीच अडत नाही. ‘आ’नंतरचा र सुटलाय हे डोळ्याला दिसतं आणि मनात तो आपोआप बसतोही. ‘उन पडलं’, ‘विज चमकली’, ‘धुक दाट आहे’ यांचं तेच. शब्दात थोडंसं मोडलं तरी उरलेला शब्द आणि आजूबाजूचं वाक्य मिळून अर्थ सांभाळून घेतात. वाचणाऱ्याला जी चूक स्वतः दुरुस्त करून वाचता येते, तिच्यापायी मी कुणाचं बोलणं तोडत नाही.

‘वार्याचा’ हा शब्द तर मला जवळचा आहे, कारण तो चुकतो त्यात माणसाचा दोष फार थोडा. ‘सूर्य’मध्ये र पुढच्या अक्षरावर रफार होऊन चढतो आणि आधीच्या अक्षरावर आघात येतो. ‘वाऱ्या’त तसा आघात नाही, म्हणून तिथे कोयरीसारखा आडवा अर्धा र लागतो. फोनवर तो हवा असेल तर खाली टिंब असलेला ऱ शोधा, मग पाय मोडा, मग य जोडा. गच्चीवर उभं राहून, फोनवर पडणारे थेंब अंगठ्याने पुसत कुणी वाऱ्याची खबर देत असेल, तर त्याने आधी हा ऱ शोधावा असं मी म्हणणार नाही. त्या माणसाने त्या क्षणी आकाशाकडे पाहावं, हे मला जास्त हवंय.

तरी याच ऱ ने मला एकदा अडवलं होतं. ‘दर्यात धुकं उतरलंय’ असा निरोप आला. आता दर्या म्हणजे समुद्र, आणि दऱ्या म्हणजे डोंगरांमधल्या. समुद्रावरचं धुकं आणि दरीतलं धुकं यांची घडणच वेगळी. समुद्रावर बहुधा उबदार, दमट हवा थंड पाण्यावरून सरकते आणि निवते. दरीत रात्री जमीन निवते, गार जड हवा उतारावरून खाली येऊन साचते. तिथे मी विचारलं : समुद्र की डोंगर? उत्तर आलं, डोंगर. एका अक्षराने हवेची सगळी गोष्टच बदलली असती, म्हणून विचारलं.

आकड्यांच्या बाबतीत मात्र मी हटून बसते. त्याबद्दल मला चिकट म्हटलं गेलंय, आणि तरी मी ते सोडणार नाही. आकडा चुकला तर चुकीचा आकडाही तितकाच धडधाकट दिसतो. ‘१२.४ मिमी’मधलं टिंब राहिलं की ‘१२४ मिमी’ होतं, आणि त्या १२४ कडे बघून कुणालाच कळत नाही की इथे काहीतरी गळलंय. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दर चौरस मीटरवर एक लिटर पाणी. म्हणजे त्या एका टिंबाने चौरस मीटरमागे शंभराहून जास्त लिटर पाणी नसताना पाडलं. मी पाहिलेल्या एका नोंदीचं नेमकं हेच झालं होतं. अर्ध्या तासाचा पाऊस १२४ मिमी. आजूबाजूच्या दोन-तीन नोंदी ११, १४, ९. मी विचारेपर्यंत तो आकडा चार जणांनी पुढे पाठवला होता, आणि एकाने त्यावर ‘ढगफुटी’ असं लिहूनही टाकलं होतं. तो शब्द वाचून घाबरणारी माणसं असतात.

एकक गाळणं हा याचाच सख्खा भाऊ. ‘वारा ४०’ म्हणजे काय? ताशी ४० किलोमीटर असेल तर छत्री उलटी होईल. ४० नॉट असेल तर तो ताशी ७४ किलोमीटर होतो, आणि तेव्हा झाडाखाली उभं राहू नये. उणे चिन्हाचं दुखणं आणखी बारीक आहे. ‘तापमान - २’ मधली रेघ ही उणेची की नुसती मध्ये टाकलेली? पाणी गोठलं की नाही, हे त्या रेघेवर ठरतं. विमानतळांचे हवामान अहवाल ज्या मेटार संकेतात लिहितात, त्यात उणे तापमानासाठी रेघ ठेवलेलीच नाही. उणे पाच अंशांसाठी तिथे ‘एम०५’ असं अक्षर घालून लिहितात. अक्षर रेघेसारखं नजरेतून निसटत नाही. ज्यांनी हे ठरवलं त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

आकडा किती काळ फसवू शकतो ते सांगते. १३ सप्टेंबर १९२२ रोजी लिबियातल्या अल अझिझिया इथे ५८ अंश सेल्सिअस तापमान नोंदवलं गेलं. पृथ्वीवरचं सर्वाधिक तापमान म्हणून तो आकडा पुढे कित्येक दशकं छापला गेला. जागतिक हवामान संघटनेने २०१२ मध्ये ती नोंद रद्द केली. तज्ज्ञांच्या मते निरीक्षक नवखा होता आणि तापमापक जुन्या घडणीचा. त्यातली खूण दाखवणारी कांडी बहुधा चुकीच्या टोकाला वाचली गेली, आणि सुमारे ७ अंश वाढले. हे उमगलं कशावरून? मूळ नोंदीचा कागद जपलेला होता म्हणून. त्यावर हस्ताक्षर बदललेलं दिसत होतं, कमाल-किमान तापमानाचे रकाने उलटसुलट भरलेले दिसत होते. कुणी मागाहून तो कागद नीटनेटका करून ठेवला असता, तर शंका घ्यायला जागाच उरली नसती.

शुद्धलेखनावरून मी कुणाला कधीच टोकलं नाही, असं मात्र नाही. सुरुवातीच्या काळात एका मुलाने वादळी ढगाचं वर्णन लिहिलं होतं. वरचा भाग ऐरणीसारखा पसरलेला, खालून काळा, आणि गारा पडण्याआधी वारा एकदम थंड होऊन उलटा फिरला, हे सगळं वेळेसकट. अनुभवी माणसाच्या नजरेतूनही सुटावं असं त्याने टिपलं होतं. त्यात शुद्धलेखनाच्या नऊ चुका होत्या आणि मी नऊही दाखवल्या. ढगाबद्दल एक शब्द लिहिला नाही. त्याने "धन्यवाद ताई" लिहिलं आणि पुढे कधी काही पाठवलं नाही. त्या भागातून तशी नोंद देणारं दुसरं कुणी नव्हतं. अजूनही तिकडे ढग चढले की मला ती आठवण येते.

तेव्हापासून माझी रीत अशी : आधी नोंदीबद्दल बोलायचं. अक्षराबद्दल कुणी विचारलं तर आनंदाने सांगायचं, तो माझा आवडीचा विषय आहे. आकड्याबद्दल शंका आली तर लगेच आणि सगळ्यांसमोर विचारायचं, कारण आकडा पुढे जायला वेळ लागत नाही. आणि आकडा खरंच चुकला असेल तर जुना पुसू नका म्हणून विनवायचं. मेटारमध्येही दुरुस्त अहवाल ‘सीओआर’ असा शिक्का लावून पुन्हा पाठवतात. आपण ‘दुरुस्ती’ असं लिहावं. त्या १२४ वाल्या गृहस्थांनी तसंच केलं. खाली लिहिलं, ‘दुरूस्ती : १२.४ मिमी, टिंब राहीले होते.’

त्या ओळीतही दोन चुका होत्या. मी फक्त आभार मानले.