पैसे हातात, पण सैनिक कुठे?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. मिनिएचर वॉरगेमिंग, म्हणजे टेबलावर बोटाएवढे सैनिक मांडून फासे टाकत खेळायची लढाई. पुण्यात हा छंद नव्याने धरणारा जवळपास प्रत्येक जण मला हेच विचारतो: "पैसे द्यायला तयार आहे, मग हवा तो बॉक्स मिळत का नाही? कंपनी मुद्दाम कमी बनवते का?"

मला याचं उत्तर कसबा पेठेतल्या कुंभारवाड्यात कळलं. नव्या मुलांचा रंगकामाला हात बसावा म्हणून दिवाळीच्या किल्ल्यावरचे बिनरंगाचे 20 मावळे हवे होते आणि मी गेलो होतो जूनमध्ये. आत पाय ठेवायला जागा नव्हती, जिकडेतिकडे गणपती वाळत होते. "गणपती होऊ द्या, मग मावळ्यांचे साचे काढतो," असं सांगितलं गेलं. साचे होते, कारागीर होते. जागा आणि वेळ मात्र गणपतींची होती.

इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमला वेगळं काही घडत नाही. वॉरहॅमर बनवणारी गेम्स वर्कशॉप आपली प्लॅस्टिकची किट्स, म्हणजे सुटे भाग जोडून करायचे सैनिक, तिथल्या स्वतःच्या कारखान्यात काढते. मशीनमध्ये पोलादी साचा बसवायचा, वितळलेलं प्लॅस्टिक दाबाने आत सोडायचं, ठरलेल्या संख्येएवढ्या फ्रेम (सैनिकांचे सुटे भाग अडकलेल्या चौकटी) निघाल्या की तो साचा उतरवून दुसरा चढवायचा. वॉरहॅमर 40,000 हा खेळ 1987 पासून चालू आहे, त्यातल्या फौजा वाढतच गेल्या आणि प्रत्येक किटला मशीनवरच्या आपल्या पाळीची वाट बघावी लागते. 2014, 2017, 2020, 2023 अशी दर तीन वर्षांनी नियमांची नवी आवृत्ती आली, की आधी तिचे बॉक्स. जुलै 2020 मध्ये इंडॉमिटस हा बॉक्स काही मिनिटांत संपला, तेव्हा मागणी नोंदवून घेऊन तो पुन्हा बनवावा लागला. शिवाय नियमातली एखादी ओळ बदलून एखादं युनिट, म्हणजे सैनिकांची तुकडी, बलवान झालं, की जगभरचे खेळाडू एकाच आठवड्यात त्याच किटवर तुटून पडतात. साचा तेव्हा रॅकवर असतो. म्हणून "मुद्दाम" हा शब्द मला पटत नाही.

आपल्याकडे त्यात कस्टमची भर पडते. खेळण्यांवरची मूळ ड्यूटी 2020 च्या अर्थसंकल्पात 20 टक्क्यांवरून 60 टक्के झाली, 2023 मध्ये 70. 14 वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना 1 जानेवारी 2021 पासून बीआयएसची (भारतीय मानक ब्युरोची) खूण सक्तीची आहे. आपला छंद मोठ्यांचा, पण पेटीतून निघतात छोटे सैनिक. माल कशात धरला जाईल, याची धास्ती आयात करणाऱ्याला असते. मग दुकानदार हमखास खपणारे चार बॉक्स मागवतो आणि तुम्हाला ध्यास लागलेलं युनिट त्यात नसतं.

सैनिकांपेक्षा मला जास्त छळलं ते प्रायमरने, म्हणजे रंग धरावा म्हणून आधी द्यायच्या अस्तराच्या थराने. त्याचा स्प्रे म्हणजे दाबाखालचा ज्वलनशील डबा, तो विमानाच्या पार्सलने येत नाही. मग रविवार पेठेत बोहरी आळीत जाऊन गाड्यांना मारायचा मॅट काळा स्प्रे आणायचा. तो चालतो, पण आधी फ्रेमच्या उरलेल्या तुकड्यावर मारून बघा, आणि थर्माकोलच्या टेकडीवर तर मुळीच नको, टेकडी विरघळते. जुलैत गच्चीवर फवारलात तर दमट हवेने पृष्ठभाग भुरकट, खरखरीत होतो. माझ्या दहा सैनिकांच्या चिलखतावरची नक्षी अशी बुजली, ते अजून कपाटात आहेत. तेव्हापासून पावसाळ्यात मी ब्रशने लावायचा प्रायमरच वापरतो, आणि तो संपायच्या आधी दुसरी बाटली घरात असते.

म्हणून माझं सांगणं असं, की फौज निवडताना चित्रावर भाळण्याआधी तिची साधी पायदळाची किट्स वर्षभर मिळतात का ते बघा. एखादा सेनापती सहा महिने नाही मिळाला तरी चालेल, त्याच्या जागी त्याच मापाच्या बेसवर, म्हणजे पायाखालच्या चकतीवर, दुसरा कुणी उभा करा. आमच्या शनिवारच्या टेबलावर कुणी हरकत घेत नाही. 2000 गुणांची (प्रत्येक युनिटला ठरलेले गुण असतात, त्यांची बेरीज) पूर्ण फौज जमेपर्यंत थांबलेली मुलं मी पाहिली आहेत. त्यांतल्या बऱ्याच जणांनी एकही लढाई न खेळता बॉक्स विकले, आणि त्याचं मला फार वाईट वाटतं.

दोन फौजांचा एक बॉक्स मी मागच्या वर्षी घेतला. त्यातली एक बाजू माझी, दुसरी अजून फ्रेमवरच आहे. शनिवारी कोथरूडला आलात तर ती घेऊन जा. येताना बोहरी आळीतून बारीक तोंडाचा कटर आणा, हाताने पिळून काढलेत तर भाल्यांची टोकं तुटतील. आणि त्या 20 मावळ्यांपैकी सहा अजून बिनरंगाचे आहेत, सुरुवात त्यांच्यावर करू.