तुम्ही विचारलंत म्हणून: बर्फ लावू की शेकू?

शाळेतील क्रीडाशिक्षकाच्या नोकरीतून निवृत्त होऊन बरीच वर्षे झाली, तरी रंकाळ्यावर फिरताना पेठेतला एखादा फुटबॉल खेळणारा मुलगा लंगडत जवळ येतो आणि विचारतो, "सर, पोटरी ताणली आहे; बर्फ लावू की शेकू?" दोन्ही करावे, पण आधी बर्फ आणि शेक नंतर. मात्र जे कोणी विचारत नाही, कारण ते आधीच करून झालेले असते, ते म्हणजे मालिश. आणि माझ्या मते खरे नुकसान तिथेच होते.

तालमीत मेहनतीनंतर तेल लावून अंग रगडून घेणारे मल्ल आपण लहानपणापासून पाहत आलो, त्यामुळे दुखले की चोळायचे, हे कोल्हापूरकराच्या हाडीमाशी खिळलेले आहे. पण मल्लाचा तो स्नायू दमलेला असतो. ताण बसलेल्या स्नायूचे काही तंतू तुटलेले असतात आणि आत थोडा रक्तस्राव झालेला असतो. तो लगेच रगडला तर रक्तस्राव आणि सूज वाढते. शिक्षकांच्या एका सामन्यात पोटरी धरल्यावर मी त्याच संध्याकाळी हौसेने तेल चोळून घेतले. सकाळी घोट्यापर्यंत पाय काळानिळा झाला होता.

म्हणून पहिले दोन-तीन दिवस चोळणे, शेकणे आणि धावणे बंद. बर्फ फडक्यात गुंडाळून 15 ते 20 मिनिटे, दर दोन-तीन तासांनी लावावा. थेट कातडीवर ठेवल्यास ती भाजल्यासारखी होते, आणि मधुमेहामुळे पाय बधिर असतील तर ते कळतही नाही. क्रेप बँडेज बांधावे, पण बोटांना मुंग्या आल्या तर सैल करावे. बसताना पाय उशीवर घ्यावा. विश्रांती, बर्फ, दाब आणि पाय उंच ठेवणे हे सूत्र 1978 मध्ये मांडणाऱ्या डॉ. गेब मर्किन यांनीच पुढे म्हटले की बर्फ आणि पूर्ण विश्रांती यांमुळे भरून येणे लांबू शकते. त्यामुळे बर्फ वेदना कमी करण्यापुरताच समजावा आणि अंथरूण धरू नये.

सूज उतरू लागली की गरम पाण्याच्या पिशवीने शेकावे आणि दुखणार नाही इतपत चालावे. आंबेहळदीचा लेप कुणाला लावायचा असेल तर लावावा, फक्त चोळून नव्हे. त्या पायावर एकट्याने उभे राहून टाच उचलता येईपर्यंत मैदानात उतरू नये. किरकोळ ताणाला बहुधा दोन-तीन आठवडे लागतात, आणि मुले नेमकी दहाव्या दिवशी उतरतात.

ताणताना 'कट्' असा आवाज आला, पायावर भार टाकता येत नसला किंवा स्नायूत खड्डा जाणवला, तर घरगुती उपाय करत बसू नये. आणि काहीही लागलेले नसताना एकच पोटरी सुजून गरम झाली, तर ती रक्ताची गुठळी असू शकते; तेव्हा बर्फ नको, शेक नको आणि मालिश तर अजिबात नको, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.