तळीवरची जलपर्णी: माझा अनुभव

दोन वर्षांमागे माटोळीचं, म्हणजे चतुर्थीला गणपतीवर टांगायच्या फळाफुलांच्या छताचं, सामान शोधत आम्ही गोव्यात डिचोलीकडच्या आमच्या कुळागरातल्या (पोफळीच्या बागेतल्या) वरच्या तळीवर गेलो, तेव्हा जलपर्णी जेमतेम एका कोपऱ्यात होती. जांभळी फुलं बघून आई म्हणाली, "असू दे, बरी दिसतात." पुढच्या चतुर्थीला तळीत पाणीच दिसेना.

आधी माणसं लावून काढली. या झाडात वजनाने नव्वद टक्क्यांहून जास्त पाणीच असतं. दोन दिवसांत चौघांच्या कमरा गेल्या आणि काठाला राहिलेल्या तुकड्यांतून महिन्याभरात परत हिरवंगार. मग औषध मारायचं ठरलं.

दुकानदाराने ग्लायफोसेट हे तणनाशक पुढे केलं. २०२२ च्या केंद्राच्या आदेशानुसार ते फक्त पेस्ट कंट्रोलवाल्यांनीच मारायचं, हे मला कृषी कार्यालयातल्या बाईंकडून कळलं. त्यांनी २,४-डी हे दुसरं तणनाशक सुचवलं, तेही अमाइन सॉल्ट प्रकारचं. त्याचा दुसरा प्रकार, एस्टर, हवेत उडून शेजारच्या पिकावर जातं आणि माशांनाही जास्त बाधतं. पण त्यांचा पहिला प्रश्न वेगळाच होता: "तळीचं पाणी जातं कुठे?"

जातं पोफळींना, आणि खाली शेजारच्या काकांच्या मिरची-वांग्यांना. या औषधाचा अंशही अशा पिकांची पानं पिळवटतो. म्हणून खरं काम फवारणीआधीच झालं. पाऊस संपू दिला, झऱ्याचं पाणी पाइप टाकून तळीला वळसा घालून थेट पाटात सोडलं, तळीचं तोंड माती-दगडांनी बुजवलं, गुरांसाठी कुंपण घातलं. तळीचं पाणी तीन आठवडे कोणी वापरायचं नाही, असं काकांना सांगितलं. ते म्हणाले, "तू लिहून दे." दिलं.

फवारणी एका सकाळची. वारा पडलेला, ऊन कोरडं, पाठीवरचा पंप, हातमोजे, आणि फक्त एक तृतीयांश तळी. चार दिवसांत देठ वाकडे झाले, दोन आठवड्यांत सगळं तपकिरी. कुजायच्या आत दाताळ्याने ओढून काठावर टाकलं.

इथे मला हाव सुटली. दुसऱ्या खेपेला उरलेले दोन्ही भाग एकदमच मारले. सहाव्या दिवशी पहाटे काकांची हाक: "अरे, मासे वर येऊन तोंड मारतायत!" कुजणारं तण पाण्यातला प्राणवायू खातं, आणि रात्री नवा तयार होत नाही, म्हणून पहाट सगळ्यात वाईट. मोटर लावून तळीचंच पाणी उंचावरून दिवसभर परत तळीत पाडलं. तरी सतरा रोहू गेले. बाईंनी "तिसरा भाग, तिसरा भाग" असं तीनदा बजावलं होतं.

वरचं छप्पर गेलं आणि खाली दबलेलं बारीक गोल पानांचं तण ऊन मिळताच पसरलं. साल्व्हिनिया. केरळात याला आफ्रिकन पायल म्हणतात. हे नेच्याच्या कुळातलं, २,४-डीला दाद देत नाही. बाटली अर्धी शिल्लक होती, पण तिचा इथे काही उपयोग नव्हता. जुनं जाळं दोन्ही टोकांना धरून ते ओढून काढलं. जलपर्णीच्या मानाने हलकं काम.

जलपर्णीचं बी चिखलात कित्येक वर्षं टिकतं, त्यामुळे दर रविवारी टोपली घेऊन वर जातो. गेल्या रविवारी अकरा रोपं निघाली. एकाला कळी होती.